प्रवाळाच्या बुडाशी उगवलेलं समुद्रफूल

“नवीन प्रवाळ टाकीत ठेवलं, ते छान उघडलंही. पण आता त्याच्या बुडाशी एक तपकिरी, पारदर्शक फूल उगवलंय. बोट जवळ नेलं की गडप होतं. हे काय आहे? राहू दिलं तर चालेल का?”

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. त्याचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग: नाही, राहू देऊ नका. दुसरा भाग: पण आज लगेच चिमटा घेऊन ते खरवडूही नका. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर कशी, हे समजायला आधी त्या प्राण्याची ओळख करून घ्यावी लागते.

१. प्रवाळाचाच भाऊबंद

हे फूल म्हणजे समुद्रफूल, आणि बहुतेक वेळा त्यातलं आयप्टेशिया. शास्त्रीय नावात आता त्याला एक्झायप्टेशिया म्हणतात, पण दुकानात आणि हौशी लोकांच्या बोलण्यात आयप्टेशियाच चालतं. समुद्रफूल आणि प्रवाळ हे एकाच प्राणिसंघातले. दोघांची शरीररचना सारखी: एक पोकळ खोड, वर तोंड, तोंडाभोवती लवचीक शुंडकं. कठीण प्रवाळ आपल्याभोवती चुनखडीचं घर बांधतं आणि सहसा वसाहत करून राहतं. समुद्रफूल घर बांधत नाही, तळव्याने दगडाला धरून राहतं.

दोघांच्याही पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. त्यामुळे प्रवाळासाठी लावलेल्या दिव्याखाली आयप्टेशियाही आयतं पोसलं जातं. शिवाय माशांना टाकलेल्या खाद्याचे कण ते शुंडकांनी पकडतं. प्रकाश कमी पडला तर खाण्यावर जगतं आणि खाणं कमी पडलं तर प्रकाशावर. टाकीच्या मागच्या फिल्टरच्या अंधाऱ्या कप्प्यातही ते फिकट पडून तग धरतं.

आता नुकसान काय ते पाहू. या प्राणिसंघाचं हत्यार म्हणजे दंशपेशी. प्रत्येक दंशपेशीत गुंडाळलेला विषारी धागा असतो आणि स्पर्श होताच तो बाहेर उडतो. गोड्या पाण्यातल्या हायड्रा या नातलगात शास्त्रज्ञांनी २००६ साली हा वेग मोजला. धाग्याची टोकदार सुरुवात बाहेर पडायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. आयप्टेशिया शेजारच्या प्रवाळाला अशा दंशांनी भाजून काढतं. प्रवाळाचा त्या बाजूचा मांसल भाग मागे हटतो, पांढरा सांगाडा उघडा पडतो, आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेवर आयप्टेशियाचं पुढचं पिल्लू बसतं. वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर वाढणाऱ्या प्रवाळाला ही जागा परत मिळवता येत नाही. म्हणूनच हा विषय मला इतका महत्त्वाचा वाटतो. टाकीतलं प्रवाळ पळून जाऊ शकत नाही. त्याच्या शेजारी कोणाला राहू द्यायचं, हे सर्वस्वी आपल्याच हातात असतं.

कुठेही तग धरण्याच्या या चिवटपणामुळे प्रयोगशाळेत मात्र आयप्टेशियाला मोठा मान आहे. प्रवाळ आणि शैवाल यांची भागीदारी कशी टिकते आणि समुद्र तापला की ती का मोडते, म्हणजेच प्रवाळं पांढरी का पडतात, हे शोधायला नाजूक प्रवाळापेक्षा आयप्टेशिया फार सोयीचं. ते काचेच्या साध्या भांड्यात वाढतं, शैवालाशिवायही जिवंत ठेवता येतं आणि हवं तेव्हा त्यात शैवाल पुन्हा सोडता येतं. २०१५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. प्रवाळ वाचवण्याचं बरंचसं ज्ञान आज याच प्राण्याच्या अभ्यासातून येतं आहे.

२. नीट ओळखा, मगच हात लावा

घाईत चुकीचा प्राणी मारला जाणं ही नवख्यांच्या टाकीत नेहमी घडणारी गोष्ट आहे. म्हणून इथे थोडं रेंगाळू.

आयप्टेशियाचं खोड लांब आणि बारीक असतं, अर्धपारदर्शक तपकिरी. शुंडकं पुष्कळ, लांब आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली. पूर्ण वाढलेलं समुद्रफूल चार-पाच सेंटीमीटर उंच दिसतं, पण पिल्लू दोन मिलिमीटरचं आणि जवळजवळ रंगहीन असतं. डिवचलं की ते झटकन आकसतं आणि दगडाच्या भोकात शिरतं. आणखी एक पक्की खूण आहे. जास्त त्रास दिला की खोडाच्या बाजूंमधून आणि तोंडातून पांढरे, दोऱ्यासारखे तंतू बाहेर येतात. हे तंतू दंशपेशींनी खच्चून भरलेले असतात. ते दिसले की शंका उरत नाही.

दुसरा उपद्रवी म्हणजे मजानो, हेही समुद्रफूलच. हा बुटका आणि जाड. शुंडकं आखूड, टोकं गोलसर फुगलेली. रंग हिरवा, तपकिरी, कधी टोकांना जांभळी-गुलाबी छटा. तो दिसतो इतका देखणा की अनेक जण त्याला विदूषक माशाचं घर असलेल्या बबल टिप समुद्रफुलाचं पिल्लू समजून जपतात. फरक वाढीत कळतो. बबल टिप भरभर मोठं होतं. मजानो दोन-तीन सेंटीमीटरवर थांबतो आणि संख्येने वाढत जातो. पांढरे तंतू मजानोकडे नसतात.

आता ज्यांना मारू नये ते. पिसांसारखा झुपका उघडणारा आणि क्षणात नळीत शिरणारा प्राणी हा नळीत राहणारा किडा आहे, समुद्रफूल नव्हे. नळी दिसली की त्याला सोडून द्या. तो पाणी गाळून खातो, कोणाला दंश करत नाही. झोअँथिड नावाची बटणवजा प्रवाळं खोडाने जाड असतात. त्यांच्या तबकडीच्या कडेला आखूड शुंडकांच्या दोन ओळी असतात आणि अनेक तबकड्या बुडाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. रात्री उघडणारा, शुंडकांच्या टोकाला स्पष्ट पांढरा किंवा नारिंगी गोळा असलेला पारदर्शक प्राणी दिसला, तर तो कोरॅलिमॉर्फ गटातला आहे आणि सहसा आयप्टेशियासारखा पसरत नाही.

तीन गोष्टी बघायची सवय लावा: शुंडकाचं टोक कसं आहे, खोड लांब आहे की बुटकं, आणि आकसून प्राणी कुठे जातो. या तीन उत्तरांत बहुतेक ओळख होऊन जाते. हाताशी साधं भिंग ठेवा. दिवे मालवल्यानंतर तासाभराने मंद लाल टॉर्च घेऊन पुन्हा पाहा. दिवसा न दिसलेली पिल्लं तेव्हा उघडलेली असतात.

३. खरवडलं की वाढतं

शेतात किंवा अंगणात हरळी काढलेल्या माणसाला पुढचा भाग सांगावा लागणार नाही. खुरप्याने वरचं गवत कापलं आणि कांडीचा तुकडा मातीत राहिला, तर पंधरा दिवसांत तीच हरळी चार ठिकाणी फुटते. आयप्टेशियाचं तसंच आहे. त्याच्या तळव्याचा, म्हणजे दगडाला चिकटलेल्या भागाचा, लहानसा तुकडा मागे राहिला तरी त्यातून साधारण दोन आठवड्यांत तोंड आणि शुंडकं असलेलं नवं समुद्रफूल तयार होतं. त्याला कोणी तोडायचीही गरज नसते. दगडावरून सरकताना ते स्वतःच असे तुकडे मागे टाकत जातं. शिवाय अंडी आणि शुक्रजंतू सोडूनही ते प्रजनन करतं. म्हणून चिमट्याने ओढणं, ब्रशने घासणं, टाकीतच सुरीने खरवडणं हे तिन्ही मार्ग मी सरळ बाद धरतो.

अर्धवट उपायाने काय होतं, याचा एक हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा एक समुद्रफूल महिन्यात दोन पिल्लं देतं. म्हणजे दर महिन्याला संख्या तिप्पट. पहिल्या महिन्याअखेर ३, मग ९, मग २७, आणि चौथ्या महिन्याअखेर ८१. आता एका रविवारी तुम्ही बसून त्यातली ७० मारलीत. उरली ११. पुढच्या महिन्यात ती ३३ होतात, त्याच्या पुढच्या महिन्यात ९९. दिवसभराची मेहनत दोन महिन्यांत पुसली गेली आणि संख्या आधीपेक्षा जास्त झाली. हेच काम ते एकच असताना केलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं. सगळा भर टाकीत शिरण्याआधीच्या तपासणीवर का द्यायचा, ते या गणितातून कळतं.

४. टाकीत जाण्याआधी

हौशी टाकीत येणारं प्रवाळ बहुधा फ्रॅग म्हणून येतं, म्हणजे मोठ्या वसाहतीचा कापलेला तुकडा, सिरॅमिकच्या छोट्या बुडावर चिकटवलेला. या बुडाला प्लग म्हणतात. आयप्टेशिया प्रवाळाच्या जिवंत मांसल भागावर सहसा नसतं. ते प्लगवर असतं: देठाच्या खालच्या बाजूला, कडेच्या खाचेत, सुकलेल्या गोंदाच्या फटीत. दुकानात फ्रॅग घेताना वरून रंग बघून खूश होऊ नका, तो उलटा करून दाखवायला सांगा. त्याच टाकीतल्या शेजारच्या फ्रॅगवरही नजर टाका. एकावर आयप्टेशिया असेल तर बाकीच्यांवर पिल्लं आहेतच असं समजा.

घरी आणल्यावर अनेक जण प्रवाळाला औषधी पाण्यात बुचकळतात. याला डिप म्हणतात. चपटे किडे आणि इतर बारीक कीड यांच्यासाठी डिप उपयोगी आहे, तो जरूर करा. पण आयप्टेशिया त्याने खात्रीने मरत नाही. उलट ते आकसून भोकात बसतं आणि दिसेनासं होतं. डिपनंतर प्लग स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होणं हीच सगळ्यात मोठी फसगत आहे.

भरवशाचा उपाय एकच, प्लग बदलणं. कठीण प्रवाळ हाड कापायच्या पक्कडीने प्लगच्या वरच कापा. बुडाचा ज्यावर मांसल भाग नाही असा मृत सांगाडा शक्य तितका काढून टाका. उरलेला तुकडा टाकीच्याच पाण्याने धुवा आणि घट्ट जेलसारख्या सुपरग्लूने नव्या प्लगवर बसवा. सायनोअॅक्रिलेट जातीचा हा गोंद पाण्यात घट्ट होतो आणि सुकल्यावर प्रवाळाला बाधत नाही. मऊ प्रवाळ असेल तर धारदार पात्याने अलगद सोडवून तसंच करा. जुना प्लग पुन्हा टाकीत नको.

यानंतर फ्रॅग वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचा: हीटर, लहान पंप, साधा दिवा आणि रिकामा तळ. दगड किंवा वाळू घालू नका, म्हणजे लपायला जागा राहत नाही. किती दिवस? माझ्या मते सहा आठवडे. कारण सरळ आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या तुकड्यातून पिल्लू तयार व्हायला दोन आठवडे, ते भिंगाखाली ओळखू येण्याइतकं वाढायला आणखी एक-दोन, आणि उरलेला वेळ उपाय करून पुन्हा तपासायला. या काळात काही सापडलं तर उपाय करा आणि दिवस पहिल्यापासून मोजा.

५. चुन्याचा लेप

फ्रॅग कापता येत नसेल, किंवा समुद्रफूल आधीच मोठ्या टाकीतल्या दगडावर बसलं असेल, तर त्याला जागेवरच मारावं लागतं. त्यासाठी तयार औषधं मिळतात. घरच्या घरी करता येणारा जुना उपाय म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाला लावतात तोच विरलेला चुना, पण टपरीवरच्या डबीतला नको, कारण त्यात इतर काही मिसळलेलं असू शकतं. शुद्ध पांढरी पूड घ्या.

हा चुना काम कसा करतो? समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण ८.१ ते ८.४ असतो, तर चुन्याच्या निवळीचा सुमारे १२.४. एवढ्या तीव्र अल्कात समुद्रफुलाच्या पेशी फाटतात. महत्त्वाचं हे की चुना त्याच्या तोंडातून आत गेला पाहिजे. नुसता बाहेरून लागला तर ते आकसून बसेल आणि जगेल.

पूड थोड्या गोड्या पाण्यात कालवून सुईतून जेमतेम निघेल इतकी दाट करा. पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्या. सिरिंज हळूहळू वरून न्या, अजिबात स्पर्श न करता. समुद्रफूल उघडं असताना तोंडाच्या तबकडीवर थेंब थेंब सोडा. अनेकदा ते अन्न समजून स्वतःच आत ओढतं. मग वरून आणखी लेप टाकून ते पूर्ण झाका. पंधरा-वीस मिनिटांनी बारीक नळीने लेप आणि खालचे अवशेष शोषून घ्या आणि मगच पंप सुरू करा. आठवड्याने तीच जागा पुन्हा बघा.

किती मारावीत एका वेळी? एका समुद्रफुलाला अर्धा ग्रॅम चुना लागला आणि तो सगळा ४० लिटरच्या छोट्या टाकीत विरघळला असं धरलं, तर पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, जवळजवळ १ डीकेएचने वाढते. डीकेएच हे ती मोजायचं एकक. समुद्रात ही क्षारता ७ च्या आसपास असते. चार समुद्रफुलं एकदम मारलीत तर ती ७ वरून ११ च्या जवळ जाईल आणि प्रवाळ हा धक्का सोसणार नाही. ४०० लिटरच्या टाकीत तोच परिणाम दहापट सौम्य होतो. म्हणून छोट्या टाकीत दिवसाला एक. त्याहून बरं म्हणजे फ्रॅग टाकीच्या पाण्याच्या वेगळ्या भांड्यात घेऊन तिथे लेप लावा, धुवा आणि मग परत ठेवा.

डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. चुन्याने डोळ्यांना होणारी इजा गंभीर असते आणि ती लहान मुलांना अधिक होते. सिरिंज आणि पूड मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

६. दगड उकळू नका

‘दगड काढून उकळत्या पाण्यात टाका’ असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीची प्रवाळं असू शकतात आणि त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. हवाई बेटांतल्या माउईवरच्या हाना भागातल्या एका पॅलिथोआतून रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी हे विष वेगळं काढलं आणि १९७१ मध्ये जाहीर केलं. समुद्री विषांतलं ते सर्वांत जहालांपैकी एक. उकळल्यावर त्याचे कण वाफेबरोबर हवेत येतात. असा दगड स्वयंपाकघरात उकळल्यामुळे घरातली माणसं ताप, श्वासाचा त्रास आणि स्नायूंच्या वेदना घेऊन रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हीच प्रवाळं कापतानाही चष्मा आणि मोजे घाला, हाताला जखम असेल तर काम पुढे ढकला.

७. आयप्टेशिया खाणारे

संख्या हाताबाहेर गेली असेल तर सिरिंज पुरत नाही. तिथे खाणारे प्राणी कामाला येतात. मजानोवर मात्र यांच्यापैकी कोणाचाच भरवसा नाही. त्याला चुना, किंवा दगडाचा तेवढा टवका छिन्नीने टाकीबाहेर काढणं, हेच मार्ग.

पेपरमिंट कोळंबी सर्वांत सहज मिळते. लिस्माटा वुर्डेमानी आणि तिच्या जवळच्या जाती लहान आयप्टेशिया खातात, तेही बहुधा रात्री. मोठ्या समुद्रफुलांकडे त्या फिरकत नाहीत, आणि पोटभर खाद्य मिळालं तर लहानांकडेही नाही. विकत घेताना एक काळजी घ्या: उंट कोळंबी तिच्यासारखीच दिसते आणि प्रवाळ कुरतडते. पेपरमिंटच्या अंगावर लांबट लाल रेघा असतात. उंट कोळंबीच्या लाल रंगात ठळक पांढऱ्या रेघा आणि ठिपके असतात, आणि पाठीला मोठं कुबड असतं.

माझी पसंती बर्घिया स्टेफनी या समुद्री गोगलगाईला आहे. शंख नसलेली, दोन-अडीच सेंटीमीटरची ही गोगलगाय फक्त आयप्टेशियाच खाते, प्रवाळाला तोंडही लावत नाही. त्याच्या दंशपेशी ती न फोडता गिळते आणि आपल्या पाठीवरच्या बोटांसारख्या उपांगांच्या टोकांत साठवून स्वतःच्या बचावासाठी वापरते. एका मोठ्या टाकीला पाच-सात तरी हव्यात. पेपरमिंट कोळंबी आणि काही रास जातीचे मासे त्यांना खातात, म्हणून दोन्ही उपाय एका टाकीत एकत्र करू नका. त्या रात्री हिंडतात, त्यामुळे पहिले काही आठवडे काहीच घडत नाहीये असं वाटतं. धीर धरा. आयप्टेशिया संपलं की त्यांचं अन्न संपतं, तेव्हा त्या आणि त्यांच्या अंड्यांच्या सर्पिलाकार माळा गरज असलेल्या दुसऱ्या टाकीवाल्याला द्या. उपासमारीने मरू देऊ नका.

कॉपरबँड फुलपाखरू मासा लांब तोंडाने आयप्टेशिया वेचतो खरा, पण त्याला मोठी टाकी लागते आणि बंदिवासात तो अनेकदा खाणं सोडतो. निव्वळ कीड मारण्यासाठी त्याला आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

८. काय आणायचं नाही आणि काय टाकायचं नाही

भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कठीण प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या, गोव्याच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, तो तुकडा मेलेला असला तरी. परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा जिवंत परदेशी प्राण्यांची नोंदणीही कायद्यात आणली. कागद नसलेलं प्रवाळ स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये टाकी ठेवणाऱ्या मराठी माणसांना टाकीतच वाढवलेले फ्रॅग मिळतात. तेच घ्यावेत.

काढलेले प्लग, दगड आणि पाणी यांची विल्हेवाटही याच कामाचा भाग आहे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या, टाक्यांत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या शैवालाचा छोटा पट्टा दिसला. पुढच्या काही वर्षांत ते भूमध्य समुद्राच्या हजारो हेक्टर तळावर पसरलं. म्हणून टाकीतलं काहीही खाडीत, समुद्रात किंवा पावसाळी नाल्यात टाकू नये. प्लग आणि दगड माणसांपासून दूर, उघड्यावर, कडक उन्हात आठवडाभर पूर्ण कोरडे होऊ द्या, मग कचऱ्यात टाका. डिपचं आणि वेगळ्या टाकीचं पाणी बादलीत घेऊन त्यात ब्लीच घाला, दिवसभर ठेवा आणि मग मोरीत ओता. चुन्याचं पाणी त्या बादलीत मिसळू नका, ते वेगळं ओता.